खिडकीकडे वळलेली पिसं

मामेबहीण राहायला आली त्याच दिवशी टिटवीचं ताईपण गेलं.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सकाळी डोळ्यांच्या आधी तिचं तोंड उघडायचं आणि रात्री डोळे मिटल्यावरही ते थोडा वेळ चालूच असायचं, म्हणून बाबांनी ठेवलेलं ते नाव. बाकी गल्लीतली झाडून सगळी पोरं तिला ताई म्हणायची. कुणाचा चेंडू कुणाच्या गच्चीत गेला, कुणी कुणाच्या वहीत शाई सांडली, सगळे खटले ताईच्या दरबारात यायचे आणि ताई ते पायरीवर बसून, पाय हलवत, निकालात काढायची.

तर मामाची बदली झाली अशा ठिकाणी, की तिथे धड शाळा नाही. म्हणून वर्षभरासाठी त्याने आपली मुलगी आत्याकडे, म्हणजे टिटवीच्या आईकडे, ठेवली. आईने दारातच तिच्या हातातली पिशवी घेतली, दोघींच्या वाढदिवसांचा मनातल्या मनात हिशोब केला आणि टिटवीकडे वळून सांगितलं, "ही तुझ्याहून मोठी आहे बरं का. हिला ताई म्हणायचं."

मोठी म्हणजे किती, तर पंधरवड्याने. पंधरवड्यात साधी सर्दीसुद्धा नीट बरी होत नाही. टिटवीने तिथल्या तिथे ठरवलं, की हिला काहीच म्हणायचं नाही. "अगं" म्हणायचं. फार तर "ऐक". आणि तिच्यामागे "ती".

ती शांत होती, हे पहिलं दुखणं. शांत माणसाशी भांडता येत नाही. भिंतीवर चेंडू मारला तर निदान परत तरी येतो, हिच्यात तो मुरून जायचा. दुसरं दुखणं केसांचं. टिटवीचे केस म्हणजे कुणीतरी घाईत सोडून दिलेलं काम, आणि हिची वेणी सकाळी घातली की संध्याकाळपर्यंत तशीच, जणू विकत आणलेली. तिसरं म्हणजे आई. आईला अचानक शेजारणींना सांगायला विषय मिळाला होता. पोर कशी उठल्या उठल्या चादरीची घडी घालते, कशी न सांगता पाणी भरते, कशी हळू बोलते. हे सगळं टिटवी समोर बसलेली असताना, तिच्याकडे न बघता, पण तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. टिटवीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण घरातलं काय, घरातलं सगळं ती एक वेळ देऊनही टाकेल, कारण तिचं खरं राज्य स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत होतं आणि तिथे ती शांत मुलगी अजून शिरली नव्हती.

त्या खोलीत बाबा हाताने बाण बनवायचे.

बाण म्हटलं की लोकांना टोक आठवतं. टिटवी सांगायची की टोक कुणीही करेल, खरा बाण शेपटीत असतो. टर्की पाळणाऱ्या माणसाकडून पंखातल्या लांब पिसांची पोती यायची. पोतं उघडलं की पहिला वास नाकात जायचा तो घ्यावाच लागे, त्याला इलाज नव्हता. मग पिसं कोमट साबणाच्या पाण्यात धुवायची, जाळीवर पसरून वाळवायची, वाकडीतिकडी झालेली किटलीच्या वाफेवर धरून बोटांनी सरळ करायची. वाफेत पीस हळूहळू आळस दिल्यासारखं सुटं होतं, ते बघायला टिटवीला फार आवडायचं. मग सगळ्यात अवघड काम, चिरणं. पिसाचा जो मधला कणा, त्याच्या घळीत सुरीचं टोक ठेवून तो एका दमात, शेंड्यापासून बुडापर्यंत, बरोबर मधोमध चिरायचा. आतलं पांढरं भेंड दोन्हीकडे सारखं दिसलं पाहिजे. सुरी केसभर सरकली की पीस गेलं. मग रुंद बाजूचा अर्धा भाग घ्यायचा, त्याचं बूड पॉलिशपेपरवर घासून पातळ करायचं, पत्र्याच्या साच्यात धरून कात्रीने आकार द्यायचा आणि बाणाच्या काडीला सरसाने चिकटवून वर रेशमाचा दोरा गुंडाळायचा. एका बाणाला तीन पिसं. दोन करडी आणि एक पांढरं. पांढरं ते म्होरकं, ते बाणाच्या शेपटीला दोरी अडकवायची जी खाच असते तिच्याशी काटकोनात बसतं, म्हणजे बाण धनुष्याला कसा लावायचा ते एका नजरेत कळतं.

आणि या सगळ्यात एक गोष्ट अशी, की ती चुकली तर बाकीचं सगळं पाण्यात. पक्ष्याच्या डाव्या पंखातली पिसं एकीकडे वळतात, उजव्यातली दुसरीकडे. बाणाची तिन्ही पिसं एकाच पंखाकडची हवीत. मग बाण भोवऱ्यासारखा फिरत सरळ जातो. इकडची आणि तिकडची एकत्र लावली, की एक म्हणतं इकडून फिर, दुसरं म्हणतं तिकडून, आणि दोन कारभाऱ्यांच्या घरासारखी बाणाची गत होते. पीस अख्खं असेपर्यंत वळण सहज दिसतं, पण कापून छोटं केल्यावर सगळी एकसारखी. तेव्हा पिसाच्या पोटाकडून नख फिरवायचं. एका पंखाच्या पिसाला नख अडकतं, दुसऱ्याच्या पिसावरून सुळकन निघून जातं. टिटवीला हे अक्षरं यायच्या आधी येत होतं. एक एक पीस नखाने बघायचं आणि मगच पुढे, हा तिचा शिरस्ता.

आता झालं होतं असं, की बाबांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, बाकी काहीही करा, पण ते चिरणं बंद. बाबांनी सुरी पुसून कपाटात ठेवली आणि जेवताना म्हणाले की आता ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यावी लागेल. टिटवीने मान खाली घालून जेवण चालू ठेवलं, कारण तिला हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या म्हणजे कुणाच्या, घरात होतं कोण? फुकट गेलेली पिसं चिरून चिरून तिने बोटं कापून घेतली होती, ती काय उगाच?

पण बाबांनी लगेच दिली नाही. आणि तेवढ्यात एका सुट्टीच्या सकाळी ती शांत मुलगी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

उभी राहिली, आणि बघत राहिली. काही विचारलं नाही, कशाला हात लावला नाही. बाबांनाच राहवलं नाही. पाहुण्याला पाणी विचारावं तसं त्यांनी तिच्या हातात एक फाटकं पीस आणि कपाटातून काढून ती सुरी दिली, की बघ गंमत म्हणून. तिने पीस पाटावर ठेवलं, घळीत टोक टेकवलं, श्वास घेतला आणि सुरी ओढली. पीस उघडलं. मोडलं नाही, फाटलं नाही, पुस्तक उघडावं तसं उघडलं. भेंड दोन्हीकडे इतकं सारखं, की आरशात बघावं.

"पूर्वी केलंयस का कधी?" बाबांनी विचारलं.

"नाही आतोबा," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा काढून पुसला. टिटवीला माहीत होतं, चष्मा पुसणं हा बाबांचा टाळ्या वाजवण्याचा प्रकार आहे. तिच्या पोटात असं काही दुखलं, की आईने ओवा दिला असता तरी थांबलं नसतं.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. टिटवीने युक्त्या करून पाहिल्या. पोत्यातला वास तिला सहन होणार नाही असं वाटून पोतं तिच्याकडून उघडवलं, तर तिने नाकाला ओढणी बांधली आणि उघडलं. किटलीची वाफ बोटांना चटका देते हे मुद्दाम सांगितलं नाही, तर ती पहिल्या चटक्यालाच शिकली आणि दुसरा घेतलाच नाही. टिटवी रात्री अंथरुणात पडून तिच्या चुका आठवायचा प्रयत्न करायची, आणि एकही न सापडल्यामुळे झोप उडायची. बरं, ती दुष्ट तरी असावी. दुष्ट असती तर किती सोय झाली असती.

शेवटी एकदा बाबांनीच विषय काढला. गावाच्या टोकाला मैदानावर एक बाई मुलींना तिरंदाजी शिकवायच्या, त्यांना नवीन बाण हवे होते. बाबा म्हणाले की दोघींनी अर्धे अर्धे बाण करायचे, पिसं चिरण्यापासून ते दोरा गुंडाळण्यापर्यंत सगळं आपापलं. सुरी कामापुरती दोघींची. काड्या तेवढ्या ते देतील. टिटवीच्या बाणांना लाल दोरा, तिच्या बाणांना निळा. कुणाचा कुठला, हे बाईंना सांगायचं नाही. ज्या रंगाचे बाण चांगले जातील, सुरी तिची.

"तुम्हीच बघून सांगा ना बाबा," टिटवी म्हणाली.

"मी काय सांगू. मी एकीचा बाप, एकीचा आतोबा. वाऱ्याला नातीगोती नसतात, तो सांगेल." आणि आपण मध्ये डोकावणारसुद्धा नाही असं म्हणून ते पुढच्या खोलीत काड्या रंधायला निघून गेले.

मागच्या खोलीत एकच मोठं टेबल होतं, एका बाजूला खिडकी. टिटवी तिच्या नेहमीच्या जागी बसली, तिच्या उजव्या हाताला खिडकी. ती समोर बसली. दोघींच्या पुढ्यात एकेक जुनं स्टीलचं ताट, निवडलेली पिसं ठेवायला. मधे जाळीवर वाळलेल्या पिसांचा ढीग, डाव्या पंखाची, उजव्या पंखाची, सगळी सरमिसळ. ठरलं होतं डाव्या पंखाची वापरायची.

टिटवीने सुरुवात केली पांढऱ्या, म्होरक्या पिसांपासून. आणि अगदी शहाण्यासारखी केली. एकेक पीस नखाने बघितलं, चिरलं, घासलं, कापलं, डबीत ठेवलं. एक फाटलं, पण ते कुणाचंही फाटलं असतं. पांढरी झाली तेव्हा तिला वाटलं, आपलं चाललंय बरं. मग तिने मान वर केली. तिथेच घात झाला.

समोरच्या ताटात पांढरी तर होतीच, करडीही अर्ध्याहून जास्त झाली होती. आणि ती नुसती ठेवलेली नव्हती, मांडलेली होती. प्रत्येकाचं बूड तिच्याकडे, चकचकीत बाजू वर, आणि सगळ्यांचा बाक एकाच दिशेला, जणू शाळेच्या प्रार्थनेला उभी केलेली मुलं. ती नख लावतच नव्हती. पीस उचललं, ताटात टेकवलं, ओळीत बसलं तर ठेवलं, नाही बसलं तर परत ढिगात. बस्स.

नेमके तेवढ्यात बाबा काड्या ठेवायला आत आले. डोकावणार नाही म्हणाले होते, पण ताट त्यांना दिसलंच, आणि हे काय असं त्यांनी विचारलं.

"खिडकीकडे वळलं की डावं," ती म्हणाली. "नख लावायला नको, आतोबा. नुसतं दिसतं."

बाबांनी चष्मा काढला.

आता खरं सांगायचं तर टिटवीने त्याच क्षणी स्वतःशी म्हणायला हवं होतं, की ठीक आहे, तिची रीत तिला लखलाभ, माझं नख मला. पण जळणारा माणूस स्वतःच्या हातांकडे बघत नाही, दुसऱ्याच्या हातांकडे बघतो. आणि नुसता बघत नाही, उचलतोही. वर मान्यही करत नाही. बाबांची पाठ वळल्याबरोबर टिटवीने आपलं ताट पुढे ओढलं आणि अगदी सहज, जणू हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक होतं अशा थाटात, करडी पिसं मांडायला सुरुवात केली. बूड आपल्याकडे. चकचकीत बाजू वर. बाक खिडकीकडे. नाही वळलं, ढिगात परत.

आणि काय सांगावं, काम असं भराभर व्हायला लागलं, की तिला गुणगुणावंसं वाटलं. समोर बघावं तर तिची पिसं खिडकीकडे वळलेली, इकडे बघावं तर आपलीही खिडकीकडे वळलेली. दोन ताटं, एक दिशा. फक्त एवढंच, की समोर बसलेल्या माणसाची डावी बाजू ती आपली उजवी, ही गोष्ट पहिलीतल्या पोरालाही कळते, आणि टिटवीला त्या वेळी कळली नाही. खिडकी समोरचीच्या डावीकडे होती. टिटवीच्या उजवीकडे. टिटवी निवडून निवडून, अगदी मन लावून, उजव्या पंखाची पिसं ताटात भरत होती.

घासली, कापली, छोटी केली. मग काडी घेतली. एक पांढरं डबीतून, डाव्या पंखाचं. दोन करडी ताटातून, उजव्या पंखाची. सरस, दोरा, गाठ. लाल दोऱ्याचा पहिला बाण तयार झाला आणि दिसायला असा देखणा, की तिने तो मुद्दाम समोरून दिसेल असा खोचून ठेवला.

समोरचीने तो बघितला. मग जरा जास्त वेळ बघितला. टिटवीचा तिसरा बाण चालू होता तेव्हा ती म्हणाली, "तुझं पांढरं एकीकडे वळतंय आणि करडी दुसरीकडे. एकदा नखाने बघ ना."

बोलली इतकंच, आणि नेहमीसारखं हळू. पण टिटवीच्या कानात ते भलतंच होऊन शिरलं. आली मोठी शिकवायला. परवापर्यंत टर्की कुठल्या अंगाने चालते ते माहीत नव्हतं, आणि आता मला नख लावायला सांगते. बरं, सांगते कधी, तर माझा हात भरभर चालायला लागल्यावर. सगळं सोडवायला लावायचं, मला मागे पाडायचं आणि वर मदत केल्याचं पुण्यही घ्यायचं. वा, काय डोकं आहे.

"तू तुझ्या ताटात बघ," टिटवी म्हणाली.

तिने हातातलं पीस खाली ठेवलं. "मी खरंच सांगतेय."

"आणि मी पण खरंच सांगतेय. तू तुझ्या ताटात बघ."

तिने मग मान खाली घातली आणि आपल्या ताटात बघितलं. टिटवीने उरलेले सगळे बाण तसेच पूर्ण केले. नखाने बघायला एक क्षण लागला असता. तो क्षण तिला माहीत होता, तिच्या नखाला तर खाज सुटल्यासारखं होत होतं. पण आता नख लावणं म्हणजे तिचं ऐकणं, आणि तिचं ऐकणं म्हणजे ती ताई. त्यापेक्षा बोट कापलेलं परवडलं.

बाण झाल्यावर बाबा दोघींना घेऊन मैदानावर गेले. तिथल्या बाई उंच, रापलेल्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दोन्ही जुड्या घेतल्या, उन्हात धरून पाहिल्या, सुबक आहेत म्हणाल्या. पहिला बाण निळ्या दोऱ्याचा निघाला. तो गेला असं म्हणण्यापेक्षा तो पोचला असं म्हणायला हवं, कारण मधलं काही दिसलंच नाही. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा त्या दोघांच्या इतका जवळ, की बाईंना ते एकेक करून काढावे लागले. टिटवी हात पाठीमागे बांधून उभी होती आणि बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती, की ती बघणाऱ्याला शांत वाटली असती.

मग लाल.

लाल बाण धनुष्यातून सुटला आणि थोडं अंतर बरा गेला. मग त्याने शेपटी हलवली. मासा हलवतो तशी. इकडे, मग तिकडे, मग पुन्हा इकडे, आणि निशाणाच्या फळ्याच्या कडेला चाटून गवतात गेला. बाईंनी दुसरा घेतला. तो फळ्यापर्यंतही गेला नाही. तिसऱ्याला त्यांनी जरा कौतुकानेच पाहिलं.

"याला जायचंय कुठे ते अजून ठरलेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

बाबा गवतात गेले, बाण उचलला आणि त्याच्या पिसांवरून नख फिरवलं. एकाला अडकलं. दुसऱ्यावरून सुळकन गेलं. तिसऱ्यावरून सुळकन गेलं. टिटवीने ते दुरून पाहिलं, आणि तिला आपली जागा, खिडकी, समोरचं ताट, सगळं एका झटक्यात उलटं होऊन दिसलं. डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. हिने सांगितलं होतं. हिने सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं.

बाबांना कळायला वेळ लागला नाही. ते टिटवीला काहीच म्हणाले नाहीत. आणि मग ते वळले ते भलतीकडेच, तिच्याकडे.

"समोर तूच बसली होतीस ना?"

"हो आतोबा."

"मग पांढरं एकीकडे आणि करडी दुसरीकडे, हे तुला दिसलं नाही असं मला सांगू नकोस. तुझे डोळे मी बघितलेत."

ती चपलेने गवत दाबू लागली.

"दिसलं आणि गप्प बसलीस," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "समोरची चुकली की आपण जिंकतो, म्हणून. असंच ना? अगं, सुरी धरणाऱ्याच्या डोळ्यांखालून खोलीतलं प्रत्येक पीस जातं. माझंही जाईल. चूक दिसूनही जी गप्प बसते तिच्या हातात मी सुरी देणार नाही, तिचे बाण कितीही सरळ जावोत. राहू दे ती कपाटातच. पुढच्या खेपेला बघू."

पुढच्या खेपेला. टिटवीच्या छातीत एकदम काहीतरी उडी मारून उभं राहिलं. म्हणजे गेलं नव्हतं अजून. पुढच्या खेपेला ती आपल्या नखाने काम करील, आणि कुणाच्या ताटात बघणार नाही, आणि सुरी तिची. त्यासाठी तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं. आयुष्यात पहिल्यांदा टिटवीला गप्प राहण्याचे पैसे मिळणार होते म्हणा ना.

तिने समोर बघितलं. ती मान खाली घालून चपलेने गवत दाबत होती. आता बोलेल, टिटवीला वाटलं. आता सांगेल, की आतोबा, मी सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, हिनेच मला गप्प केलं. सांगितलं की झालं, मग टिटवीला तिचा मनसोक्त राग करता येईल, चहाडखोर म्हणता येईल, वर्षभर पुरेल इतकं सामान मिळेल.

ती बोलली नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, वेणी तशीच राहिली, आणि ती बोलली नाही.

आणि टिटवीच्या लक्षात आलं की ही बोलणारच नाही. ही हे पोटात ठेवील. सुरी जाईल, तरी ठेवील. पुढे कधीतरी, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, टिटवीला एकटीला माहीत असेल की त्या दिवशी मैदानावर खरं मोठं कोण होतं. पिसं हिची सरळ, केस हिचे सरळ, आई हिची, चष्मा हिचा, आणि आता हेही? मनाचा मोठेपणा, तोही हिनेच न्यायचा? टिटवीच्या वाट्याला मग उरणार काय, घोडचूक आणि खोटेपणा? नाही. एवढं मात्र ती होऊ देणार नव्हती.

"बोलली होती ती," टिटवी म्हणाली.

बाबांनी वळून पाहिलं.

"मला म्हणाली, पांढरं एकीकडे आहे, करडी दुसरीकडे, नखाने बघ. मी म्हटलं, तू तुझ्या ताटात बघ. ती परत म्हणाली. मी परत म्हटलं." टिटवीने श्वास घेतला. "आणि ती खिडकीची युक्ती तिची होती, मी उचलली. आणि समोर बसून उचलली, म्हणून उलटी झाली. झालं. संपलं."

बाई दूर जाऊन धनुष्याची दोरी तपासू लागल्या, खरं तर ती काही बिघडली नव्हती. बाबांनी हातातला बाण खाली ठेवला. मग ते मामेबहिणीला म्हणाले की त्यांनी तिच्याविषयी वाईट बोलायला नको होतं, आणि घरी गेल्यावर सुरी तिने कपाटातून काढून घ्यावी. टिटवीला ते म्हणाले, लाल दोऱ्याचे सगळे बाण सोडव, पिसं न फाडता, आणि पंख निराळे करून ठेव. एवढंच. रागावले नाहीत. शाबासही म्हणाले नाहीत. ज्या गोष्टीसाठी बोटं कापून घेतली ती गेली ती गेलीच.

दुपारी टिटवी मागच्या खोलीत किटलीच्या वाफेवर बाण धरून बसली. वाफेने सरस सुटतो, मग दोरा उलटा फिरवायचा आणि पीस अलगद ओढायचं. प्रत्येक पिसाला ती नख लावत होती, आणि प्रत्येक वेळी नख तिला सांगत होतं ते तिला माहीत होतं. समोर पाटावर नव्या मालकिणीचं चिरणं चालू होतं. खसकन एक पीस, मग दुसरं. प्रत्येक आवाज टिटवीच्या दातांत जात होता.

"का सांगितलंस?" तिने अचानक विचारलं. सुरी थांबली होती.

"तुझ्यासाठी नाही सांगितलं."

"मग?"

"वेणी तुझी चांगली, काम तुझं चांगलं, आई दिवसभर तुझंच पुराण लावते. त्यात गप्प बसून थोरही तूच व्हायचं? सगळं एकटीने न्यायचं म्हणजे अतीच झालं. काहीतरी ठेव की दुसऱ्याला."

तिने टिटवीकडे बघितलं. मग हसली. इतक्या दिवसांत ती आवाज करून हसल्याचं टिटवीने ऐकलं नव्हतं, आणि आता कळलं का ते. हसणं नव्हतंच ते, नाकातून निघालेलं खिंकाळणं होतं, मधेच अडकायचं आणि मग दुप्पट जोराने सुटायचं, घोडा शिंकल्यासारखं. ताटातली पिसं उडाली. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, काय पडलं गं.

टिटवी डोळे मोठे करून ऐकत राहिली. किती भयंकर हसते ही. तिला फार, फार बरं वाटलं.